थर्मोस्टॅट २१ वर, रेडिएटर ५ वर आणि मी दोन स्वेटरमध्ये

कुडकुड्या
नमस्कार मंडळी. या घरातला हा आमचा पहिला हिवाळा. रेडिएटर, बॉयलर वगैरे प्रकरण आयुष्यात पहिल्यांदाच हाताळतोय. गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी खोल्याखोल्यांतल्या आठ रेडिएटरांत फिरतं, पॅसेजच्या भिंतीवर एक थर्मोस्टॅट आहे. शिवाय प्रत्येक रेडिएटरच्या एका अंगाला पांढरी टोपी आहे, तिच्यावर बर्फाची चांदणी आणि पुढे १ ते ५ आकडे. माहितीपुस्तिका आधीच्या लोकांबरोबरच गेली.

सध्याची मांडणी अशी: थर्मोस्टॅट २१ वर. पॅसेजमध्ये कोण बसतंय, म्हणून गॅस वाचवायला तिथली टोपी २ वर. हॉल ४, झोपायची खोली ३. टोकाच्या छोट्या खोलीत मी दिवसभर काम करतो, तिथे थेट ५.

तर ५ वाली खोली थंडगार. ३ वाल्या खोलीत रात्री पांघरूण लाथाडावं लागतं. आणि बॉयलर पहाटेपासून रात्रीपर्यंत घुरघुरतोय, थांबायचं नावच घेत नाही. थर्मोस्टॅट आणि टोप्या, यांत मालक कोण आणि नोकर कोण? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ऊबही टाकली तरी चालेल.

उंटावरचा_शहाणा
तिसरा स्वेटर.

पाना_आणि_पक्कड
मालक-नोकर असं नातंच नाही त्यांच्यात. कामं वेगळी आहेत.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट बॉयलरला एवढंच सांगतो: पेट किंवा विझ. त्याला फक्त स्वतःच्या भिंतीजवळची हवा कळते. टोकाच्या खोलीत तुम्ही गोठलात तरी त्याला खबर नाही.

टोपीला टीआरव्ही (थर्मोस्टॅटिक रेडिएटर व्हॉल्व्ह) म्हणतात. तिला बॉयलर पेटलाय की नाही याच्याशी देणंघेणं नाही आणि वायरही नाही. आत मेणाची, द्रवाची किंवा वायूची छोटी कुपी असते. खोली तापली की ती फुगते, खालची पिन दाबते, व्हॉल्व्ह मिटत जातो आणि त्या रेडिएटरचं पाणी कमी होतं. खोली गार झाली की कुपी आकसते आणि स्प्रिंग पिनला वर ढकलते. नुसतं यंत्रशास्त्र, त्यामुळे वीज गेली तरी टोपीला काही फरक पडत नाही.

आता आकडे. टोपीवरचा आकडा रेडिएटर किती तापेल ते सांगत नाही, खोली कुठवर तापू द्यायची ते सांगतो. बहुतेक बनावटींत ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे १६, ४ म्हणजे २४, आणि चांदणी म्हणजे ७ च्या आसपास, पाइपातलं पाणी गोठू नये एवढ्यापुरतं. बनावटीनुसार थोडं मागेपुढे. ५ वर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. खोली गार असताना ३ वरही व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण उघडाच असतो. ५ म्हणजे फक्त 'लवकर थांबू नकोस'.

बिनधास्त_बाई
पानाकाका, हा शेवटचा परिच्छेद छापून फ्रिजवर लावतेय. आमचे हे बाहेरून आले की आधी टोपी ५ वर, मग बूट काढणार. तासाभराने 'किती उकडतंय' म्हणत खिडकी उघडणार. टोपी तशीच ५ वर! खिडकीतून गार हवा थेट तिच्यावर येते, ती बिचारी समजते खोली गारठली, आणि आणखी उघडते. म्हणजे आम्ही अंगण तापवतोय.

उंटावरचा_शहाणा
@बिनधास्त_बाई, अंगणातल्या मांजरांकडून आभार.

हिशेबी
मूळ प्रश्नाचं उत्तर पानाकाका देतीलच, पण 'दिवसभर चालू ठेवावं की गरजेपुरतं' हा वाद इथे निघणारच आहे, तर आधीच मांडून ठेवतो.

घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर ५ आणि आत २० असेल तर फरक १५. आतलं १९ केलंत तर १४. म्हणजे एका अंशाने गळती पंधराव्या हिश्शाने घटली, साडेसहा टक्क्यांच्या आसपास. बाहेर कमी गारठा असेल तर हाच एक अंश टक्केवारीत जास्त भरतो.

तळाशी भोक पडलेली बादली डोळ्यांसमोर आणा. जितकी भरलेली, तितकी जोरात गळते. रात्रभर काठोकाठ ठेवून 'सकाळी भरायचा त्रास वाचला' म्हणणं म्हणजे रात्रभर नळ चालू ठेवण्यासारखं आहे. सकाळी परत भरायला जे पाणी लागतं ते रात्रभर काठोकाठ ठेवायला लागणाऱ्या पाण्याहून कमीच असतं.

मंद_आचेवर
@हिशेबी, बादली छान आहे, पण प्रत्येक घरात नळ सारखाच नसतो. आमच्याकडे बॉयलर नाही, हीट पंप आहे, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढणारं विजेचं यंत्र. तो कोमट पाणी स्वस्तात बनवतो आणि कढत पाणी महागात. रात्री पूर्ण बंद करून पहाटे दोन तासांत घर तापवायला सांगितलं तर त्याला पाणी जास्त गरम करावं लागतं आणि त्याची कार्यक्षमता घसरते. शिवाय आमची तापणारी फरशी जाड काँक्रीटची. ती तापायलाच अर्धा दिवस घेते. आम्ही रात्री फार तर दोन अंश खाली आणतो.

हिशेबी
मान्य. गॅसच्या बॉयलरपुरतं बोलत होतो, ते आधीच लिहायला हवं होतं. गळतीचं गणित तुमच्याकडेही तेच आहे, फक्त भरायचा खर्च वेळेनुसार बदलतो.

सतत_चालू
आम्ही दहा वर्षं चोवीस तास चालू ठेवतो. बिलं ठीक येतात. गणितं कागदावर बरी.

हिशेबी
एक महिना टायमर लावून बघा, मीटरचे आकडे इथे टाका. मी हरलो तर धाग्यात जाहीर साष्टांग नमस्कार.

सतत_चालू
घरात म्हातारी आई आहे हो, प्रयोग कुणावर करू?

हिशेबी
हे कारण मात्र शंभर टक्के पटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांतही थंड हवेच्या प्रदेशात घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं आहे, आणि वृद्ध व लहान मुलांसाठी त्याहून थोडं जास्त. प्रयोग मागे घेतो.

जुन्यापान्या
थोडं अवांतर. थर्मोस्टॅट हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचा. १८३० मध्ये त्याने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते. साध्या गोल डायलच्या कित्येक थर्मोस्टॅटमध्ये पुढे शंभराहून अधिक वर्षं हीच पट्टी वाकत होती.

पण खरी गंमत वॉरन जॉन्सन या मास्तरांची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला ते शिकवत. शाळेचा शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात येऊन तापमापक बघायचा, मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. तासात व्यत्यय! वैतागून मास्तरांनी विजेवर चालणारं यंत्र बनवलं आणि १८८३ मध्ये पेटंट घेतलं. वर्ग ठरल्याहून गार किंवा गरम झाला की तळघरात घंटा वाजायची. झडप शिपायानेच हलवायची, पण वर्गात न येता.

आणि रेडिएटरवरच्या आपल्या टोपीचं श्रेय डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांना, १९४३ सालचं. म्हणजे निरोप देणारा आधी आला, आणि जागच्या जागी झडप हलवणारा साठ वर्षांनी.

बिनधास्त_बाई
म्हणजे थर्मोस्टॅटचा शोध 'सारखं आत येऊ नकोस' यातून लागला? मास्तरांबद्दल आदर दुणावला.

गॅजेटगुरू
मंडळी, २१ वं शतक चालू आहे. मी आठही टोप्या काढून मोटरवाल्या स्मार्ट टोप्या बसवल्या. बहुतेक व्हॉल्व्हवर ३० मिलिमीटरची ठरावीक आट्यांची रिंग असते, पाणी न काढता दहा मिनिटांत टोपी बदलते. काहींना वेगळा क्लिपचा जोड असतो, तो अ‍ॅडॉप्टर सोबत मिळतो. प्रत्येक खोलीचं वेगळं वेळापत्रक. खिडकी उघडली की तापमान एकदम घसरलेलं ओळखून टोपी आपोआप मिटते (बिनधास्त_बाई, ऐकताय ना?). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्याही खोलीला ऊब हवी असेल तर टोपी रेडिओवरून बॉयलरला हाक मारते. पॅसेजमधल्या एका थर्मोस्टॅटची हुकूमशाही संपली.

कोपऱ्यातली_उशी
आणि पहाटे चारला उशाशी 'घर्रर्र... टक्' वाजतं त्याचं काय? झोपायच्या खोलीतली आमची मी महिनाभरात काढून जुनी मेणवाली परत बसवली. शिवाय बॅटऱ्या. ऐन कडाक्यात एक मेली आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहिला.

गॅजेटगुरू
त्यात रीचार्ज होणारे सेल घातले होते का? ते १.२ व्होल्टचे असतात, बऱ्याच टोप्यांना १.५ वाले साधे अल्कलाइनच लागतात, नाहीतर 'बॅटरी संपली' म्हणून लवकर बोंब मारतात. आवाजाचं खरं आहे. काहींत रात्रीसाठी हळू फिरायची सोय असते.

कोपऱ्यातली_उशी
होय, रीचार्जवालेच. :( पण मुद्दा तोच आहे. टोपीसाठी सेल, सेलसाठी अ‍ॅप, अ‍ॅपसाठी पासवर्ड. गार पडलेल्या माणसाला आधी पासवर्ड आठवायला लावणं हा छळ आहे.

पाना_आणि_पक्कड
स्मार्ट घ्या नाहीतर साधी, तापमान मोजायची जागा चुकली तर दोन्ही सारख्याच मूर्ख. टोपी रेडिएटरला खेटून बसलेली असते. वर जाड पडदा आला, पुढ्यात सोफा आला किंवा वर फळी आली की तिच्याभोवती उबदार कोंडी होते. तिला वाटतं खोली तापली, आणि ती मिटते. बाहेर तुम्ही कुडकुडत. टोपी उभी बसवली असेल, म्हणजे तोंड वर, तरी खालच्या पाइपाची गरम हवा तिलाच लागते. ती आडवी, खोलीकडे तोंड करून हवी. तसं जमत नसेल तर लांब वायरवर वेगळा सेन्सर असलेली टोपी मिळते.

@कुडकुड्या, टोकाच्या खोलीत रेडिएटरसमोर काय आहे? आणि रेडिएटर स्वतः कसा आहे: पूर्ण गार, वरून गार, खालून गार, की कोमट?

कुडकुड्या
बापरे, एवढे प्रतिसाद! टोकाच्या खोलीत रेडिएटर खिडकीखाली आहे. खिडकीला जमिनीपर्यंतचा पडदा, आणि पडद्याला टेकवून माझं टेबल. रेडिएटर सगळीकडून सारखाच कोमट. आता हात लावून बघितलं तर टोपी मात्र चांगलीच गरम आहे.

उंटावरचा_शहाणा
चला, घरातला सगळ्यात उबदार सदस्य सापडला.

पाना_आणि_पक्कड
हाहा. पडदा खिडकीच्या काठापर्यंतच ठेवा, टेबल हातभर पुढे ओढा, उद्या सांगा. वरून गार असता तर हवा साठलीय, किल्लीने काढा. खालून किंवा मधोमध गार असता तर गाळ साठलाय. सगळीकडून कोमट म्हणजे पाणीच कमी येतंय.

नवखी_पण_हट्टी
किल्लीने हवा काढली, छान फुस्स झालं, आणि नंतर बॉयलरच बंद पडला. मी काय मोडलं?

पाना_आणि_पक्कड
काही नाही. हवेबरोबर यंत्रणेतला दाब गेला. बॉयलरवरचा काटा बघा, थंड असताना साधारण १ ते १.५ बार हवा. खालच्या भरण्याच्या नळीची कळ हळू उघडून तेवढा आणा आणि कळ घट्ट बंद करा. पुढच्या वेळी हवा काढताना हीटिंग बंद असू द्या, नाहीतर पंप आणखी हवा आत ओढू शकतो.

नवखी_पण_हट्टी
आला! काटा ०.३ वर होता. दंडवत.

शांत_बसलेला_वाचक
आठवडाभर नुसता वाचतोय, आता राहवत नाही. धागाकर्त्याने खरं उत्तर पहिल्याच प्रतिसादात स्वतः लिहून ठेवलंय आणि विस्कॉन्सिनला जाऊन आलो तरी कुणी ते उचललं नाही.

"पॅसेजमध्ये कोण बसतंय, म्हणून तिथली टोपी २ वर." आणि थर्मोस्टॅट कुठे आहे? पॅसेजमध्ये. कितीवर? २१.

थर्मोस्टॅट म्हणतोय, पॅसेज २१ झाल्याशिवाय बॉयलर विझवणार नाही. टोपी म्हणतेय, १६ च्या वर या पॅसेजला पाणी देणार नाही. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. पॅसेज जन्मात २१ होणार नाही आणि बॉयलर जन्मात थांबणार नाही. गॅस वाचवायला केलेली हीच गोष्ट सगळ्यात जास्त गॅस जाळतेय.

पाना_आणि_पक्कड
हात जोडले. मी आकडे समजावत बसलो आणि पहिली ओळ विसरलो. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे त्या खोलीच्या रेडिएटरला टीआरव्ही नसावाच असा नियम आहे, आणि असलाच तर पूर्ण उघडा ठेवावा. एका हवेवर दोन पहारेकरी नकोत.

त्याचं दुसरंही कारण आहे. सगळ्या टोप्या एकदम मिटल्या तर पंप कुणाला पाणी ढकलणार? व्हॉल्व्ह शिट्ट्या मारायला लागतात आणि बॉयलर भरभर पेट-विझ करतो. म्हणून एक रेडिएटर कायम उघडा ठेवतात किंवा दाबावर आपोआप उघडणारा बायपास बसवतात.

कुडकुड्या
मी आत्ता भिंतीला टेकून हसतोय. पॅसेजच्याच. टोपी ५ वर केली.

बिनधास्त_बाई
@कुडकुड्या, ५ करून उगाच पुढे पॅसेजची सॉना करू नका, थर्मोस्टॅट १९ वर आणा. मात्र हॉल तापायच्या आधी पॅसेज १९ झाला तर बॉयलर विझेल आणि मग हॉलवाले ओरडतील. आमच्याकडे हे नाटक झालंय.

शांत_बसलेला_वाचक
बरोबर. पॅसेजचा रेडिएटर मोठा असेल तर त्याचं पाणी दुसऱ्या टोकाच्या लॉकशील्डने थोडं आवळायचं, म्हणजे पॅसेज बाकी घराच्या जरा मागून तापेल. टोपीने मात्र नाही.

मंद_आचेवर
लॉकशील्ड म्हणजे दुसऱ्या बाजूची बिनआकड्यांची टोपी ना? आमच्या प्लंबरने सांगितलं होतं, तिला हातसुद्धा लावू नका.

पाना_आणि_पक्कड
लावा, पण मोजून. सगळ्यांना आता कामाला येणार म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी आळशी असतं, सोप्या वाटेने जातं. बॉयलरजवळचे रेडिएटर आधी पोट भरून घेतात, टोकाच्याला उरलंसुरलं. लॉकशील्ड हा तो हिस्सा वाटून द्यायचा व्हॉल्व्ह. प्लास्टिकचं टोपण काढलं की आत चौकोनी दांडा दिसतो. हात लावण्याआधी तो किती फेऱ्यांत पूर्ण बंद होतो ते मोजा आणि प्रत्येक रेडिएटरचा आकडा लिहून ठेवा. फसलं तर परत तिथेच आणता येतं. ही पायरी गाळणारे मग रात्री फोन करतात.

घर पूर्ण थंड असताना सुरू करा. सगळ्या टीआरव्ही पूर्ण उघड्या, सगळी लॉकशील्डं पूर्ण उघडी. हीटिंग लावा आणि घरभर फिरून कुठला रेडिएटर कितवा तापतो ते टिपा. मग बंद करून थंड होऊ द्या. परत लावून सगळ्यात आधी तापणाऱ्याचं लॉकशील्ड पूर्ण बंद करून पाव फेरी उघडा. त्याच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपांचं तापमान मोजा. जुन्या पद्धतीच्या बॉयलरला १२ अंशांच्या आसपास फरक धरतात, वाफ जिरवणाऱ्या नव्या कंडेन्सिंग बॉयलरला २० पर्यंत चालतो. फरक कमी असेल तर आणखी आवळा, जास्त असेल तर किंचित सोडा. प्रत्येक बदलानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग पुढचा रेडिएटर. शेवटचा बहुधा पूर्ण उघडाच राहतो. सुट्टीचा एक दिवस जातो, आणि एकट्याने केलंत तर पायांचा व्यायाम.

उंटावरचा_शहाणा
वाचूनच अंगात ऊब आली.

हिशेबी
कंडेन्सिंगचा विषय निघालाच आहे तर बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमानही बघा. धुरातली वाफ बॉयलरमध्येच जिरली तर तिची उष्णता घराला मिळते. ते व्हायला परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली हवं. कित्येक बॉयलर बसवताना ७५-८० वर लावून दिलेले असतात, मग परतीचं पाणीच ६० च्या वर आणि कंडेन्सिंग फक्त नावाला. ६० किंवा ५५ वर आणून बघा.

किंमत मोजावी लागते ती वेळाची. पाणी आणि खोली यांत सरासरी ५० अंश फरक धरून रेडिएटरची ताकद छापतात. फरक ३० वर आला की ताकद जवळजवळ निम्मी. खोली हळू तापेल, म्हणून अर्धा तास आधी सुरू करा.

कोपऱ्यातली_उशी
आणि आंघोळीचं पाणी?

हिशेबी
चांगलं टोकलंत. आंघोळीचं पाणी तयार होऊन टाकीत साठत असेल तर ती टाकी ६० वर तापायलाच हवी, नाहीतर लीजनेला जिवाणूंची भीती. टाकी आणि रेडिएटर एकाच तापमानावर चालत असतील तर ६० च्या बरंच वर राहू द्या. बिनटाकीच्या कॉम्बी बॉयलरला दोन वेगळी बटणं असतात, फक्त रेडिएटरचं चित्र असलेलं फिरवा.

नवखी_पण_हट्टी
माझा एक प्रश्न. पाहुण्यांची खोली वापरात नाही, टोपी चांदणीवर ठेवते. कोपऱ्यात काळी बुरशी आलीय. याचा संबंध?

शांत_बसलेला_वाचक
दार उघडं ठेवता का? बाकी घरातली उबदार दमट हवा त्या गार खोलीत शिरते आणि गार भिंतीवर घाम फुटल्यासारखं पाणी धरते. एक तर दार बंद ठेवा आणि खोलीला अधूनमधून हवा द्या, नाहीतर टोपी २ वर आणा. दार उघडं आणि टोपी चांदणीवर, ही जोडी वाईट.

कुडकुड्या
दहा दिवसांनी अहवाल देतोय.

पॅसेज पूर्ण उघडा, थर्मोस्टॅट १९.५. पहिल्याच दिवशी दुपारी बॉयलर गप्प झाला. मला वाटलं बिघडला, जाऊन बघितलं, तर नुसता विझला होता! दोन महिन्यांत पहिल्यांदा घरातली शांतता ऐकली.

टोकाची खोली: पडदा वर, टेबल पुढे. खूप फरक, पण पूर्ण नाही. मग रविवारी लॉकशील्डं मोजली. टोकाचं फक्त अर्धी फेरी उघडं होतं, आणि बॉयलरला चिकटून असलेल्या झोपायच्या खोलीचं पूर्ण सताड. उलटं केलं. आता काम एका स्वेटरमध्ये.

झोपायच्या खोलीचं कोडं वेगळंच निघालं. टोपी ३ वर असूनही खोली तापायची, कारण टोपीची रिंगच सैल. रंगकाम करणाऱ्याने काढून नुसती अडकवली असणार. आत कुपी फुगत होती, पण पिनपर्यंत पोचतच नव्हती. घट्ट आवळली, झालं.

पाना_आणि_पक्कड
झकास! एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात सगळ्या टोप्या पूर्ण उघड्या ठेवा. महिनोन्महिने दाबलेली पिन चिकटते आणि पुढच्या हिवाळ्यात रेडिएटर गार राहतो. चिकटलीच तर टोपी काढून पिन पान्याच्या सपाट बाजूने हळूच दाबा, सोडा. पकडीने उपसू नका, पिन हातात आली तर पाण्याचं कारंजं.

सतत_चालू
हिशेबी, मी टायमर लावला. आई झोपते ती खोली सोडून बाकीच्या खोल्यांना. रात्री ११ ते पहाटे ५. मीटरचे आकडे महिन्याने टाकतो.

हिशेबी
साष्टांगाची तयारी ठेवून आहे. पण आईंची खोली तापायला रात्री बॉयलर चालूच राहणार ना? मग बाकीच्या खोल्या कोण बंद करतं?

सतत_चालू
नातू. अकरा वाजता घरभर फिरून टोप्या चांदणीवर आणतो. पहाटे पाचला मी उघडतो.

जुन्यापान्या
म्हणजे जॉन्सन मास्तरांचे शिपाई अजून नोकरीत आहेत.

बिनधास्त_बाई
@कुडकुड्या, मग आता पॅसेज कसा आहे?

कुडकुड्या
तेच सांगायचं राहिलं. पॅसेजमध्ये कोण बसतंय असं म्हणालो होतो ना? तिथला रेडिएटर खरंच मोठा आहे आणि त्याचं लॉकशील्ड आवळायचं मी विसरलो. आता घरातली सगळी मंडळी तिथेच जमिनीवर बसलेली असतात. कामाचं टेबलही तिथेच हलवावं का, असा विचार चाललाय.

शांत_बसलेला_वाचक
हलवा. फक्त लॅपटॉप थर्मोस्टॅटच्या खाली ठेवू नका.